शवविच्छेदन पडद्यावर दाखवायचं असेल तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात स्थानिक केबल वाहिनीसाठी कार्यक्रम करता. समुद्रात बुडून, महामार्गावर अपघातात, फुरसं चावून माणसं जातात. पोस्टमार्टमचं नाव निघालं की घरचे अडून बसतात आणि ‘आतलं सगळं काढून घेतात’ अशी कुजबुज वाडीत सुरू होते. इंग्लंडमध्ये टीव्हीवर खरं शवविच्छेदन दाखवलं होतं असं तुमच्या वाचनात आलं. तसंच एक इथे दाखवलं तर लोकांची भीती जाईल का, आणि बघणारे ते कसं घेतील, असं तुम्ही विचारताय.

कार्यक्रम जरूर करा, पण त्यात खरं शरीर चिरताना दाखवू नका. माझ्या मते तुमची अडचण भीती ही नाहीच, अविश्वास ही आहे. शवागाराच्या दाराबाहेर चार-पाच तास बसून राहिलेल्या माणसाला आत काय चाललंय हे कुणीच सांगत नाही, तिथे हा अविश्वास तयार होतो. कवटी उघडलेली दाखवून तो जाणार नाही. ते तास काय असतात हे नीट सांगितलं तर बराचसा जाईल.

आधी लंडनचं. २० नोव्हेंबर २००२ रोजी गुंथर फॉन हागेन्स या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने लंडनमध्ये सुमारे ५०० प्रेक्षकांसमोर शवविच्छेदन केलं आणि चॅनल फोर या वाहिनीने ते त्याच रात्री उशिरा दाखवलं. ब्रिटनमध्ये १७० वर्षांत असं जाहीर शवविच्छेदन झालं नव्हतं. हे बेकायदेशीर ठरेल असा इशारा तिथल्या अधिकाऱ्यांनी आधीच दिला होता. पोलीस हजर होते, पण त्यांनी थांबवलं नाही. १३० च्या वर तक्रारी आल्या, तरी नियामक संस्थेने कार्यक्रम सनसनाटी नव्हता असाच निर्वाळा दिला. एवढं वाचून ‘तिथे चाललं, इथे का नको’ असं वाटणं साहजिक आहे. पण ते शरीर ७२ वर्षांच्या एका गृहस्थाचं होतं आणि देहदानातून आलेलं होतं. शिवाय ते काही महिने आधी फॉर्मालिनमध्ये (कुजणं थांबवणाऱ्या रसायनात) जतन केलेलं होतं. असं शरीर घट्ट आणि राखाडी-तपकिरी होतं, रक्त वाहत नाही. प्रेक्षकांनी पाहिलं ते आपल्या शवागारात रोज घडतं तसं नव्हतं.

आपल्याकडे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येणारा मृतदेह जवळजवळ नेहमी पोलिसांमार्फत येतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४) मृतदेह डॉक्टरकडे पाठवला जातो. या शवविच्छेदनाला नातेवाइकांची संमती लागत नाही. म्हणूनच त्याच्या चित्रीकरणाला खरी संमती मिळण्याची सोयच नाही. गेलेला माणूस काही लिहून गेलेला नसतो. मुलगा दोन तासांपूर्वी जेटीवरून उचलून आणलाय आणि बापाने तुमच्या कागदावर सही केली, तर तिला मी संमती म्हणणार नाही. कोठडीतल्या मृत्यूंचं शवविच्छेदन चित्रित करावं असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ सालीच राज्यांना कळवलं आहे, पण ते चित्रण पुरावा असतो, प्रसारणासाठी नसतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या किनाऱ्याची. चेहरा धूसर केला की ओळख लपते हा शहरी समज आहे. वाडीत माणूस हातावरच्या गोंदणावरून ओळखू येतो. पायातल्या काळ्या दोऱ्यावरून, तुटलेल्या नखावरून, कमरेच्या करगोट्यावरूनही येतो. तुमची वाहिनी बघणारे तीच माणसं आहेत, आणि त्यातला तुकडा मोबाइलवर फिरत मुंबईतल्या चाकरमान्यांकडे त्याच रात्री पोचतो. हजार किलोमीटरवरचा अनोळखी देह बघणं वेगळं, आणि पलीकडच्या पाखाडीतल्या माणसाचा बघणं वेगळं.

आता बघणारे कसं घेतात ते. वैद्यकीय विद्यार्थी, पोलीस, पंच असे पहिल्यांदा बघणारे लोक आम्हा शवविच्छेदन करणाऱ्यांसमोर सतत असतात, त्यामुळे यात अंदाज बराचसा बांधता येतो. पोटातले अवयव बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवले की बहुतेकांना ते पेलतं, कारण यकृत किंवा प्लीहा ‘कुणाची’ वाटत नाही. धक्का बसतो तो चेहरा, हात आणि डोक्याच्या कातडीने. आणि आवाजाने. कवटी कापताना हातकरवतीचा, छिन्नी-हातोडीचा जो आवाज होतो तो लोकांच्या फार काळ लक्षात राहतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. तुम्ही काहीही दाखवायचं ठरवलंत तरी हा आवाज वापरू नका, पार्श्वभूमीलासुद्धा नको.

काहींना भोवळ येते. ती भित्रेपणामुळे येत नाही. रक्त किंवा जखम बघितल्यावर काही जणांचे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब अचानक उतरतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली बसतो. उपाशीपोटी, उभं राहून, कोंदट खोलीत हे जास्त होतं. शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात सामूहिक दाखवणार असाल तर सगळ्यांना बसवा, पंखे चालू ठेवा, नाश्ता झाल्यावरची वेळ घ्या. ज्याला आधी असं झालेलं आहे त्याला हात, पोट आणि मांड्यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायला सांगा, मग २० ते ३० सेकंद सैल सोडायला. असं पाच वेळा केलं की रक्तदाब टिकून राहतो. तरीही कुणी पडलाच तर त्याला लगेच उठवून बसवू नका. आडवं ठेवून पाय फूटभर उंच करा, एक-दोन मिनिटांत तो शुद्धीवर येतो.

मळमळ आणि जेवण न जाणं दोन-तीन दिवसांत ओसरतं. मला खरी काळजी वाटते ती तिसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकाची. ज्याच्या घरातलं माणूस असंच अचानक गेलंय, तो पडद्यावरचा देह बघत नाही, स्वतःच्या माणसाला त्या टेबलावर बघतो. मासेमारीच्या गावात असं एखादं तरी घर असतंच, बहुधा प्रत्येक वाडीत. त्यांना आजवर जे कल्पनेत धूसर होतं ते तुम्ही ठसठशीत करून द्याल. असं चित्र महिनाभरानंतरही झोपेत, जेवताना पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं तर डॉक्टरांची मदत घ्यायला हवी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कार्यक्रमाच्या शेवटी दाखवा, तिथे मराठीत बोलता येतं.

म्हणजे चिरफाड दाखवून भीती जात नाही, काही घरांत ती वाढते. मग अर्ध्या तासात दाखवायचं काय? ज्या चार-पाच गैरसमजांतून भांडणं होतात ते घ्या. ते सगळे चित्राने, आकृतीने आणि साध्या वस्तूंनी समजावता येतात.

पहिला गैरसमज पाठीवरच्या काळ्यानिळ्या डागांचा. मृतदेह ताब्यात घेताना नातेवाईक पाठ बघतात आणि ‘याला मारलंय’ म्हणतात. हृदय थांबलं की रक्त गुरुत्वाने खालच्या बाजूला साचतं आणि तिथली कातडी जांभळी होते. पाच-सहा तासांत हा रंग ठळक होतो, साधारण ८ ते १२ तासांत पक्का होतो. जिथे शरीर जमिनीला टेकलेलं असतं (खांदे, नितंब, टाचा) तिथे दाबामुळे रक्त शिरत नाही, म्हणून त्या जागा फिकट राहतात. मार असेल तर तिथे छेद घेतल्यावर रक्त पेशींत मुरलेलं दिसतं आणि पाण्याने धुऊन जात नाही. नुसतं साचलेलं असेल तर ते शिरांतच असतं आणि धुतलं की निघून जातं. माणसाच्या बाह्याकृतीवर जांभळा रंग भरून हे दोन मिनिटांत दाखवता येतं. तुमच्या कार्यक्रमातली ही दोन मिनिटं सर्वांत मोलाची ठरतील असं मी खात्रीने सांगतो.

दुसरा, समुद्रातून आलेल्या देहाचा. ओठ, पापण्या, कानाच्या पाळ्या, बोटांची टोकं कुरतडलेली असतात. घरच्यांना वाटतं चेहरा विद्रूप केला. ते काम कुर्ल्यांचं आणि माशांचं असतं. मऊ, उघडा भाग ते आधी खातात. अशा जागी रक्तस्राव नसतो, कडा फिकट असतात, सूज नसते, कारण जखम मृत्यूनंतरची असते. लाटेने खडकावर आपटून झालेल्या खरचटीही बऱ्याचदा अशाच असतात. तळहात-तळपायांची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली असणं हे फक्त पाण्यात राहिल्याचं लक्षण आहे. बुडून मेला हे त्यावरून ठरत नाही, आणि हे वाक्य कार्यक्रमात आवर्जून म्हणा.

मग बुडाला हे ठरतं कशावरून? नाकातोंडाशी साबणाच्या फेसासारखा बारीक, पुसला तरी पुन्हा येणारा फेस, श्वासनलिकेत वाळू किंवा शेवाळ, फुगलेली आणि जड फुफ्फुसं, हे सगळं मिळून. मोठ्या माणसाची दोन्ही फुफ्फुसं साधारण ८०० ते ९०० ग्रॅमची असतात. बुडालेल्यात ती एक किलोच्या पुढे, कधी दीड किलोपर्यंत जातात. पण सगळ्यांतच नाही. काहींची तितकी जड नसतात, म्हणून एका लक्षणावर डॉक्टर निर्णय देत नाहीत. हे पटवण्यासाठी खाटकाकडून बोकडाची श्वासनलिकेसकट अखंड फुफ्फुसं आणा, चिरलेली चालणार नाहीत. आधी काट्यावर वजन करा, मग नळीतून पाणी सोडा आणि पुन्हा वजन करा. मुलांनाही कळतं. सोबत बोकडाचं हृदय घेतलंत तर त्यावरच्या रक्तवाहिन्या तीन-तीन मिलिमीटरवर आडव्या छेदून गुठळी कशी शोधतात हेही दाखवता येईल. त्यातून ‘हार्ट अटॅकने पाण्यात पडला की पडून बुडाला’ हा प्रश्न शवविच्छेदनाशिवाय का सुटत नाही ते आपोआप स्पष्ट होतं, आणि विम्याच्या दाव्यात त्याचा उपयोग काय तेही सांगता येतं. (ज्यांना मांसाचं दर्शन चालत नाही अशांसाठी आधी सूचना द्या.)

शंका राहिली तर मांडीच्या किंवा छातीच्या हाडातला मगज डायटमसाठी पाठवतात. डायटम म्हणजे सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं. माणूस जिवंतपणी पाणी ओढतो तेव्हा ती फुफ्फुसातून रक्तात आणि हाडापर्यंत जातात. यासाठी घटनास्थळाचं साधारण एक लिटर पाणीही तुलनेला लागतं. ते आणायचं पोलिसांकडून राहून गेलं तर पुढची तपासणी लंगडी पडते. खाडीचं पाणी, विहिरीचं पाणी आणि उघड्या समुद्राचं पाणी यांतले डायटम सारखे नसतात.

तिसरा गैरसमज ‘व्हिसेरा’ (तपासणीसाठी राखून ठेवलेले अवयवांचे भाग) या शब्दाभोवतीचा. अवयव चोरले म्हणतात ते बहुतेक वेळा इथूनच येतं, कारण काही भाग खरोखर राखून ठेवला जातो आणि ते कुणी समजावून सांगत नाही. विषबाधेचा संशय असेल, म्हणजे आपल्याकडे आंब्याच्या फवारणीचं औषध पोटात गेलं असेल, तर जठर त्यातल्या अन्नासकट, लहान आतड्याचा सुरुवातीचा फूटभर भाग, यकृताचा आणि मूत्रपिंडांचा तुकडा, रक्त आणि लघवी एवढं ठेवतात. अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात, बरणी दोन-तृतीयांशच भरून, कारण वायू तयार होतात आणि पूर्ण भरलेली बरणी फुटते. रक्त सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत, नाहीतर त्यातल्या मद्याचं प्रमाण बदलतं. फॉर्मालिन रासायनिक तपासणीसाठी कधीच नाही, ते फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तुकड्यांसाठी. इथे चूक झाली तर प्रयोगशाळेला विष शोधणं अवघड होऊन बसतं. बरण्यांवर लाखेचं सील लागतं आणि पोलीस त्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नेतात. प्रत्यारोपणाला यातलं काही चालत नाही, कारण रक्तपुरवठा थांबून तास उलटलेले असतात. रिकाम्या बरण्या, मीठ, लाख, लेबल टेबलावर मांडा आणि सील लावून दाखवा. अहवाल यायला महिने का लागतात आणि प्रमाणपत्रावर ‘मत राखून ठेवले’ असं का लिहितात, तेही इथेच सांगा.

चौथा, शरीराची विटंबना. चेहऱ्यावर छेद घेत नाहीत. छातीपोटाचा छेद हनुवटीखालून किंवा गळ्यापासून ओटीपोटापर्यंत सरळ असतो. डोक्याचा छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागे टाळूवरून जातो, त्यामुळे शिवल्यावर तो केसांत लपतो. तपासलेले अवयव परत पोटात ठेवतात, कवटीचा तुकडा जागेवर बसवतात, वाकड्या सुईने जाड दोऱ्याचे सलग टाके घालतात, शरीर धुतात. साध्या प्रकरणात एक ते दोन तास लागतात. कापडी बाहुलीवर पेनाने रेघा मारून आणि शिवून हे सगळं दाखवता येतं. फार कुजलेल्या देहाची कातडी टाके धरत नाही, तिथे गुंडाळून द्यावं लागतं. तेही लपवू नका.

आणि वाट बघण्याचं. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करत नसत, कारण दिव्याच्या उजेडात जखमांचे रंग फसवतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत ते रात्रीही करायला परवानगी दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले देह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणं मात्र, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, वगळली. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात तेवढा उजेड आणि माणसं आहेत का यावर ते अवलंबून. त्याच दिवशी दफन करू पाहणाऱ्या घरांना हा मुद्दा फार जिव्हाळ्याचा असतो, म्हणून तुमच्या वैद्यकीय अधीक्षकांना कॅमेऱ्यासमोर नेमकं हेच विचारा.

गुन्ह्यांच्या मालिकांनी एक वेगळी अपेक्षा तयार केलीय: डॉक्टर देह बघून ‘रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी’ असं सांगतील. ते होत नाही. कोकणच्या दमट उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर सुटतो, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग १२ ते १८ तासांत दिसू शकतो. तोच देह गार पाण्यात असेल तर सगळं लांबतं. म्हणून अहवालात तासांचा पट्टा असतो. पट्टा म्हणजे टाळाटाळ नाही हे प्रेक्षकांना सांगणं आवश्यक आहे.

एवढं समजूनही खरं चित्रण हवंच असेल, तर देहदान केलेल्या व्यक्तीने हयातीत चित्रीकरण आणि प्रसारण अशी दोन्हींची स्पष्ट लेखी संमती दिलेली असणं ही एकच वाट मला दिसते. अभ्यासासाठी केलेलं दान म्हणजे टीव्हीसाठी केलेलं दान नव्हे. किनाऱ्यावर आता रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागाशी आणि नीतिसमितीशी बोला. दुसरा सौम्य पर्याय सीटी स्कॅनच्या चित्रांचा. दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून न चिरता स्कॅनने शवपरीक्षा होते. अशा राखाडी चित्रांनी भोवळ सहसा येत नाही.

नियमांचं थोडक्यात: केबलच्या कार्यक्रम संहितेत (१९९४ च्या नियमांतला नियम ६) अभिरुची आणि मुलांच्या बघण्याची वेळ दोन्हींचा उल्लेख आहे. ९ जानेवारी २०२३ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने रक्त, मृतदेह, मारहाणीची दृश्यं दाखवण्याविरुद्ध वाहिन्यांना स्पष्ट सूचना दिली. लैंगिक अत्याचाराच्या बळीची ओळख मृत्यूनंतरही उघड करता येत नाही. वकिलाला एकदा संहिता दाखवा.

वेळ निवडताना पावसाळ्याच्या सुरुवातीची, म्हणजे बोटी बंद असतात ती निवडा. पण तुमच्या तालुक्यात कुणी बुडालं असेल तर कार्यक्रम किमान महिनाभर पुढे ढकला, जाहिरातदाराला दिलेली तारीख काहीही असो. प्रसारणाआधी सहा-सात जणांना दाखवून बघा: एक पोलीस पाटील, एक आशाताई, एक मच्छीमार, एक शिक्षक, आणि ज्यांच्या घरात असा मृत्यू होऊन वर्ष-दोन वर्षं झालीत असं कुणीतरी, त्यांची तयारी असेल तरच. त्यांना ‘आवडलं का’ विचारू नका. ‘कुठे नजर वळवलीत, आणि काय अजून कळलं नाही’ हे विचारा. नजर वळवली ते दृश्य काढा. कळलं नाही तिथे आणखी एक मिनिट द्या.